परत आलेली फिल्म
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हल्ली आपल्या मुली-नातींच्या हातांत पुन्हा फिल्मचे कॅमेरे दिसू लागले आहेत. मोबाईलवर शेकडो फोटो फुकट निघत असताना, आठच फोटो निघणारी महागडी फिल्म विकत घ्यायची, हा कसला शोक, असे आपल्यापैकी पुष्कळजणींना वाटत असेल. शोक आहेच. परंतु तत्काळ फोटो देणारी ती पोलरॉईड फिल्म आज मिळते तरी कशी, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. वेळ थोडा, म्हणून तेवढीच सांगते.

तिचा उगम एका लहान मुलीच्या हट्टात आहे. १९४३ साली अमेरिकेत एडविन लँड हे संशोधक सहकुटुंब सुट्टीवर गेले असता त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले, काढलेला फोटो लगेच का दिसत नाही? बापाने ते मनावर घेतले, आणि १९४८ साली तसा कॅमेरा बॉस्टनच्या दुकानात विक्रीस आला. पुढे या कंपनीत कृष्णधवल फिल्मच्या संशोधनाची धुरा मेरो मोर्स या बाईंनी वाहिली. त्या शिकल्या होत्या कलेचा इतिहास, रसायनशास्त्र नव्हे! ते त्या प्रयोगशाळेतच शिकल्या. आपल्या मंडळात हे नाव कोणी घेतल्याचे मला आठवत नाही, म्हणून मुद्दाम घेतले.

मग डिजिटल कॅमेरे आले, खप बसला, आणि २००८ साली कंपनीने ही फिल्म कायमची बंद करण्याचे जाहीर केले. हॉलंडमधील एन्स्खेडे गावचा कारखाना मोडीत निघायचा होता. तेथील एक जुने अधिकारी आंद्रे बोसमान आणि व्हिएन्नाचे फ्लोरियान काप्स यांनी ती यंत्रे वाचविली व सुमारे दहा जुन्या कामगारांना हाताशी धरले. उद्योगाचे नावच ठेवले ‘इम्पॉसिबल’, म्हणजे अशक्य!

नाव सार्थ होते. यंत्रे होती, ती चालविणारे हात होते. पण सामग्री कोठे होती? फिल्मचा निगेटिव्ह भाग अमेरिकेतून येत असे, तो बंद झालेला. कित्येक रसायने आता कोणी बनवीतच नव्हते. आजीच्या लोणच्याची कृती वहीत जशीच्या तशी असावी, आणि त्यातला मुख्य जिन्नस बाजारातून कायमचा नाहीसा व्हावा, तशी गत झाली. तेव्हा जुनी फिल्म पुन्हा न करता नवीच फिल्म शोधून काढावी लागली. २०१० साली पहिली पाकिटे आली, तीही कृष्णधवल. फोटो कॅमेऱ्याबाहेर येताच त्यावर हात आडवा धरून उजेड अडवावा लागे. कित्येक फोटो काही दिवसांत फिके पडत. तरी लोकांनी ती पाकिटे घेतली, हे मला विशेष वाटते. त्या खरेदीवरच पुढची सुधारणा झाली. २०२० पासून हाच उद्योग पोलरॉईड या मूळ नावाने चालतो.

मला यात तरुणांच्या हौसेपेक्षा त्या दहा माणसांचे मोल अधिक वाटते. ती दुसऱ्या कामाला पांगली असती, तर हौस असूनही फिल्म परत आली नसती. आपल्याकडे उटकमंडला १९६० साली स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता. त्याची ‘इंदू’ फिल्म व एक्स-रे फिल्म देशभर जात असे. तोही बंद पडला, आणि ‘इंदू’ काही परत आली नाही.

आता मुलींनी असा फोटो काढला, तर तो हातात घेऊन हलवू नका, एवढी विनंती. पालथा ठेवावा. आजच्या रंगीत फिल्मवर चित्र पुरते उमटायला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्यात चहा होतो.