वाऱ्याकडे पाहत बसणारा

आळस उघडपणे आला तर त्याला ओळखणे कठीण नसते. पण सावधगिरीचा अंगरखा चढवून तो येतो, तेव्हा शहाणीसुरती माणसेही फसतात. बायबलमधील आळसाविषयीची शिकवण नेमके या वेषांतरावर बोट ठेवते. ती समजून घ्यावयाची तर प्रथम पॅलेस्टाइनमधील शेतकऱ्याचे वर्ष ध्यानी घेतले पाहिजे.

गेझर येथे १९०८ साली चुनखडीची एक लहानशी पाटी सापडली. इ. स. पूर्व दहाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या पाटीवर पेरणी, कापणी अशा कामांच्या क्रमाने वर्षाचे महिने मांडलेले आहेत. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो; पहिल्या सरी आल्या की गारठ्यातच नांगर धरावा लागतो. म्हणूनच ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील आळशी थंडीचे निमित्त सांगून नांगरणी टाळतो आणि सुगीत रिकाम्या हातांनी फिरतो. दुसरा एक आळशी, बाहेर सिंह आहे, असे सांगून घरातच बसतो. त्या काळी त्या प्रदेशात सिंह खरोखरच होते. निमित्त अगदीच निराधार नव्हते. परंतु सिंह असतानाही इतर माणसे शेतावर जातच होती.

‘उपदेशक’ हा ग्रंथ याहून पुढे जातो. बी हाताने फेकून पेरावयाचे, तेव्हा वारा पाहणे हे शहाणपणच. पण जो केवळ वारा आणि ढगच पाहत राहील, त्याचा हंगाम निघून जाईल. कोणते बी रुजेल हे आधी कळत नाही. म्हणून सकाळीही पेरावे आणि संध्याकाळीही हात आखडू नये, असा या ग्रंथाचा सल्ला आहे. अनिश्चितता हे थांबण्याचे कारण नसून अधिक पेरण्याचे कारण ठरते.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील तिसरा सेवक धन्याने सोपविलेला एक टॅलेंट भीतीने जमिनीत पुरतो. एक टॅलेंट म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जवळजवळ वीस वर्षांची ही कमाई! सेवकाने त्यातील पैही गमावली नाही. तरी धनी त्याला आळशीच ठरवितो.

मात्र त्याच शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचीही कथा आहे. दिवस मावळावयास तासभर उरला असता काही मजूर बाजारात उभे दिसतात. कोणी कामावर लावले नाही, असे ते सांगतात. मळ्याचा धनी त्यांना दोष न देता कामाला लावतो आणि पूर्ण दिवसाची मजुरी देतो. तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलानेही थेस्सलनीकाकरांना लिहिताना अन्नावरचा हक्क नाकारला, तो काम करण्याची इच्छाच नसलेल्यांना. काम न मिळालेल्यांना नव्हे.

काम टाळणारा आणि काम न मिळालेला, दोघांचेही हात सारखेच रिकामे दिसतात. त्यांतील भेद न पारखता कोणाला आळशी म्हणणे, हाही एक प्रकारचा आळसच होय.