फुरसतीचा हक्क आणि छंद



चालकांनी विषय विचारला तेव्हा मी "छंद" म्हणालो, आणि ते हसले. पगारवाढ, बोनस आणि प्रॉव्हिडंट फंड यांखेरीज हा माणूस काय बोलणार, असे त्यांना वाटले असावे. त्यांचे चुकले असे नाही. तीस वर्षे मी तेवढेच बोलत आलो. शाळा सातवीला सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके उसनी आणून झाले. त्या पुस्तकांत छंद हा शब्द मला कुठे आढळला नाही.

तो शब्द मला एका बावीस वर्षांच्या पोराने शिकविला. त्याचे वडील साखर कारखान्यात फिटर, माझे जुने सोबती. गेल्या श्रावणात ते कचेरीत आले आणि दार लोटून म्हणाले, "अण्णा, पोरगं हाताबाहेर चाललंय. तुमचं ऐकंल. दोन शब्द सांगा." मी विचारले, दारू? जुगार? तर तसे काही नाही. पोरगा दिवसभर दुकानात राबतो, पगार आईच्या हातात देतो, आणि रात्री खोलीचे दार लावून घेतो. आत तीन नाद. जपानी चित्रांचे सिनेमे बघायचे, जुने कॅमेरे उघडून बसायचे, आणि भंगारातून आणलेल्या संगणकावर लिनक्स नावाचे काहीतरी चालवायचे. "लग्नाचं वय झालं आणि कार्टुनं बघतोय!" हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला.

मी रागावण्याच्या तयारीने गेलो. अडीच तासांनी उठलो.

आधी मी सिनेमांवरून सुरुवात केली. म्हटले, अरे, जपान्यांच्या गोष्टींशी आपला काय संबंध? तो म्हणाला, "काका, तुम्ही मोगली बघितला नाही का?" आता मोगली कोणी बघितला नाही? १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी तो लागे, आणि आमच्या आळीतली सगळी पोरे टीव्ही असलेल्या एकाच घरात दाटी करून बसत. मीही तेव्हा दारात उभा राहून पाहत असे, हे आज सर्वांसमक्ष कबूल करतो. ती मालिका १९८९ साली जपानात तयार झालेली होती, हे मला त्या रात्री कळले. एवढी वर्षे मी ती आपलीच समजत होतो! रामायणावरचा चित्रपटही असाच. युगो साको या जपानी गृहस्थांनी आपले राम मोहन यांना बरोबर घेऊन तो केला.

मग त्याने एक नाव काढले, आणि माझे कान टवकारले. हायाओ मियाझाकी. या धंद्यातले आजचे सर्वांत मोठे नाव. हा माणूस १९६३ साली तोएई नावाच्या कंपनीत साधा चित्रकार म्हणून लागला, आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या कामगार युनियनचा मुख्य चिटणीस झाला! त्याचे स्नेही इसाओ ताकाहाता हे उपाध्यक्ष. युनियनच्या कामात जमलेल्या या मंडळींनी पुढे १९६८ साली जो चित्रपट काढला, त्यात एक गाव एकजुटीने संकटाला तोंड देते. युनियनच्या बैठकांतून चित्रपट निघू शकतो, ही गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती. आमच्या बैठकांतून निघतात ती परिपत्रके.

मात्र मला त्याची दुसरी बाजूही दिसली. सिनेमाच्या पडद्यावरून एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवले तरी सेकंदाला आठ ते बारा चित्रे हाताने काढावी लागतात. आणि ती काढणाऱ्या नवख्या चित्रकारांना तिथे चित्रामागे मजुरी मिळते, तीही पोटापुरती नाही, अशी तक्रार आजही आहे. म्हणजे ऊसतोडणीच्या टनावारी दरासारखाच प्रकार. मी हे पोराला म्हटले, तर ते त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

त्या रात्री घरी जाताना माझ्या डोक्यात मोगली नव्हता, रविवार होता. ती पोरे रविवारी सकाळी मोकळी का होती? आणि दारात उभा राहायला मी मोकळा का होतो? मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला, आणि १८९० च्या एप्रिलात दहा हजार कामगारांची सभा भरविली. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे पायरीपायरीने तास कमी झाले, आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले, ही घोषणा मी स्वतः किती वेळा दिली असेल! पण "आपले" म्हणजे काय करायचे, हे मी कोणाला विचारले नाही. स्वतःलाही नाही. माझे ते आठ तास युनियननेच खाल्ले.

तरीही दुसऱ्या भेटीत मी जुन्या खोडीवर गेलोच. फिटरांना समजावण्यासाठी म्हणालो, "अहो, लिनक्स शिकतोय, उद्या नोकरी लागेल." पोराने मान वर केली. "नोकरीसाठी नाही करत, काका. आवडतं म्हणून करतो." मला ते लागले. मालकाला जो हिशेब मागू नको म्हणून आम्ही लढलो, तोच हिशेब मी या पोराकडे मागत होतो.

आता हे लिनक्स काय आहे ते थोडक्यात सांगतो. संगणक चालायला आत एक मूळ व्यवस्था लागते, ती बहुधा विकत घ्यावी लागते. १९९१ साली लिनस तोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने अशी व्यवस्था हौसेखातर लिहावयास घेतली आणि जगापुढे ठेवली. दुसऱ्या वर्षी तिला असा परवाना दिला की, कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी. मात्र बदललेली दुसऱ्याला दिली, तर तिची उघडी प्रतही द्यावी. आपल्याकडे इर्जिक असते ना? एकाच्या शेतावर सगळे आपापली औते घेऊन जमतात, आणि उद्या दुसऱ्याच्या. तोच न्याय. लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्या मुलुखात हे समजणे अवघड जाऊ नये. देवनागरीचे लोहित नावाचे टंकही असेच आहेत. ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविले आणि रेड हॅट कंपनीने सर्वांना मोकळे केले. आमच्या कचेरीतला संगणक दुकानदाराने भंगार ठरविला होता; पोराने त्यात लिनक्स घातले, आणि सभासदांची यादी आज त्यावर मराठीत आहे. पण एक खटकते. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात हेच लिनक्स आहे. हौशी माणसांनी फुकट केलेल्या इर्जिकीवर धनवान कंपन्यांचीही शेते पिकली. हल्ली लिनक्सचे पुष्कळसे काम कंपन्यांचे पगारी लोकच करतात हे खरे, तरी माझ्या मनातून ते जात नाही.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत मात्र मी त्याला बोललो. एका कॅमेऱ्याला चार भिंगे कशाला? माझ्या मामाकडे बडोद्यास तयार झालेला क्लिक थ्री होता; १२० नंबरच्या एका रिळावर बारा फोटो निघत, आणि मामा बारा सणांना बारा काढी. सामानाचा मोह वाढला की फोटो कमी होतात आणि भिंगे पुसणे वाढते. त्याने ऐकून घेतले. पुढच्या महिन्यात पाचवे आणले.

मग मी त्याला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. एवढी एक मला ठाऊक होती. त्र्यंबकेश्वरचा हा माणूस मूळचा फोटोग्राफर. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्राचा पडदा पाहून त्याला असा ध्यास लागला की डोळे जाण्याची वेळ आली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली विलायतेस जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला. शेजाऱ्यांनी त्याला काय म्हटले असेल? भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्याने कुंडीत वाटाणा पेरला, आणि एकेक चौकट घेत अंकुराची वाढ पडद्यावर आणली. सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडीत, रसायने कालवीत. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. १९१५ साली तर त्याने आगकाड्या नाचविल्या, 'आगकाड्यांची मौज'. काडी सरकवायची, चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. पोरगा ताडकन उठला. "म्हणजे हे तर आपल्याकडंच होतं!"

यंदा माघात त्याने एका डब्यात मूग पेरले. कॅमेरा भंगारातल्या संगणकाला जोडला आणि लिनक्सला सांगून ठेवले की दर दहा मिनिटांनी एक फोटो घे. दिवसाचे १४४, पाच दिवसांचे ७२०. सेकंदाला चोवीस धरले तर तीस सेकंदांचा सिनेमा. अडचण दिव्याची होती. वीज गेली की फोटो काळे. तिसऱ्या रात्री वीज गेली तेव्हा पोरगा झोपलेला होता. फिटर दुसरी पाळी करून नुकतेच परतले होते. त्यांनी बॅटरीचा कंदील शोधून डब्याशी धरला, आणि वीज येईपर्यंत तसेच उकिडवे बसून राहिले. संगणकाला जुन्या बॅटरीचा आधार त्यांनीच दुपारी जोडून दिलेला होता.

फोटोंत त्या वेळी उजेड जरा पिवळा पडला आहे आणि हलतो आहे. पोराने ते काढून टाकलेले नाहीत.

तो अंकुर आज मागच्या खोलीत भिंतीवर दाखविणार आहोत. खुर्च्या कमी आहेत. वडीलधाऱ्यांना आणि लहान मुलांना पुढे बसू द्यावे.