फुकट वाटलेलें चित्र

खेळाच्या सामानाच्या दुकानांतून आपण बॅट आणतों, चेंडू आणतों. सोबत मिळालेला जाहिरातीचा कागद मात्र वाटेंतच टाकून देतों. अमेरिकेंत अशाच कागदाला पुढें मालाहून अधिक मोल आलें.

न्यूयॉर्क येथें पेक आणि स्नायडर यांचें क्रीडासाहित्याचें दुकान होतें. १८६९ सालीं सिनसिनाटीचा 'रेड स्टॉकिंग्ज' हा उघडपणें वेतन घेऊन बेसबॉल खेळणारा पहिला संघ एकही सामना हरला नाहीं. दुकानदारांनीं त्या संघाचें छायाचित्र पुठ्ठ्यावर चिकटवून पाठीमागें आपली जाहिरात छापली. बेसबॉलच्या आद्य चित्रपत्रांत आज त्याची गणना होते.

पुढें सिगारेटवाल्यांनीं व च्युइंगमवाल्यांनीं ही युक्ति उचलली. मिकी मँटल या खेळाडूचें १९५२ सालचें एक चित्रपत्र २०२२ सालीं १ कोटि २६ लक्ष डॉलरांस विकलें गेलें! कारण उघड आहे: जें पोरांच्या खिशांत चुरगळतें, केरांत जातें, त्यांतलें निर्मळ उरलेलें एखादेंच असतें.

परंतु यांत एक विपरीत गोष्ट आहे. मुलानें तें चित्र हाताळलें, सवंगड्याशीं बदललें, कीं कोपरे दुमडतात आणि किंमत उतरते. म्हणजे मुलांच्या आनंदासाठीं जन्मलेली वस्तु मुलांपासून दूर राहिली तरच मोलाची! आज अमेरिकेंतील कित्येक दुकानांत चेंडूंशेजारीं हीं चित्रपत्रेंही विकावयास असतात. तेथें मुलासह शिरणाऱ्या पित्यानें आधीं चेंडू घ्यावा. आणि चित्र घेतलेंच, तर तें मुलाच्याच खिशांत राहूं द्यावें.