शास्त्रज्ञाची भक्ती आणि लोकांचा दाखला

(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



13 जुलै 2023 रोजी भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे काही शास्त्रज्ञ चांद्रयान-3 ची लहानशी प्रतिकृती घेऊन तिरुमलेस गेले व त्यांनी व्यंकटेशाचे दर्शन घेतले. दुसऱ्या दिवशी श्रीहरिकोट्याहून यान उडाले. या दर्शनाची चर्चा पुष्कळ झाली. भाविक म्हणाले, "एवढे शिकलेले लोकसुद्धा देवाला मानतात, मग आणखी काय पाहिजे?" बुद्धिवादी मंडळींनी नाराजी प्रकट केली, की शास्त्रज्ञांना हे शोभत नाही. एका पक्षाला शास्त्रज्ञाकडून देव असल्याचा दाखला हवा होता, दुसऱ्याला नसल्याचा. असा दाखला देणे शास्त्रज्ञाच्या अखत्यारीत कधी आले, हे कोणी विचारले नाही.

चांद्रयान-2 च्या वेळीही, जुलै 2019 मध्ये, तेव्हाचे प्रमुख डॉ. के. सिवन तिरुमलेस जाऊन आले होते. तरी 7 सप्टेंबरच्या पहाटे विक्रम चंद्रावर आदळला. त्यावर शास्त्रज्ञांनी देवाला बोल लावला नाही, की पूजेत काय उणे राहिले याचा शोध घेतला नाही. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला होता आणि उतरण्याची जागा अवघी अर्धा किलोमीटर लांब-रुंद धरली होती, हे त्यांनी आकडेमोड करून काढले. पुढच्या यानासाठी ती जागा सुमारे चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवले. 23 ऑगस्ट 2023 रोजी यान सुखरूप उतरले. दर्शन दोन्ही वेळी झाले होते. बदलले ते यान. भाविकांनी हे विसरू नये. आणि टीकाकारांनीही पाहावे, की दर्शनामुळे त्या मंडळींच्या हिशेबात तसूभर ढिलाई आली नाही.

यान उतरल्यावर चारच दिवसांनी तेव्हाचे प्रमुख एस. सोमनाथ तिरुवनंतपुरमजवळच्या भद्रकालीच्या मंदिरात गेले. पत्रकारांनी गाठलेच. श्रद्धा आणि विज्ञान या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. वर्तमानपत्रांत मात्र सरमिसळ चालूच राहिली!

आपल्याकडे हा वाद बोलाचालीवर भागला. शेजारी पाकिस्तानात एका शास्त्रज्ञाच्या वाट्याला फार कठोर प्रसंग आला. पदार्थविज्ञानाचे 1979 चे नोबेल पारितोषिक अब्दुस सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग व शेल्डन ग्लॅशो यांना मिळून देण्यात आले. सलाम निष्ठेने नमाज पढणारे, वाइनबर्ग नास्तिक. आणि दोघे वेगवेगळे काम करून एकाच सिद्धांताला पोचले. समीकरणाने कोणाचीच जात विचारली नाही. माणसांनी विचारली. सलाम अहमदिया पंथाचे होते, आणि 1974 मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून त्या पंथाला मुस्लिमेतर ठरवले होते. 1996 मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले व रबवा येथे दफन झाले. ते पहिले मुस्लिम नोबेल विजेते, अशा अर्थाचा मजकूर थडग्याच्या दगडावर कोरलेला होता. पुढे अधिकाऱ्यांच्या हुकमाने त्यातला "मुस्लिम" एवढाच शब्द पुसून टाकण्यात आला. वाक्य अर्थहीन झाले, पण ते तसेच ठेवण्यात आले.