सर्पदंशावरील प्रतिविष

श्रोते हो, पावसाळा लागला की वसमत-कळमनुरीकडच्या हळदीच्या सऱ्यांत माणूस आणि साप एकाच वाटेवर येतात. औंढ्याच्या नागनाथाला आपण हात जोडतो, नागपंचमीला नांगर धरीत नाही. पण साप डसला तर काय करावे, हे घरोघर ठाऊक असते का?

त्यावर खरे औषध एकच, प्रतिविष. ते होते कसे, ऐका. सापाचे विष अगदी थोडे-थोडे, बेताबेताने वाढवीत घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला धरून ठेवणारी प्रथिने तयार होतात, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. परळला १८९९ साली सुरू झालेल्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले. तिथे हे काम मोठे झाले. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ दवडू नका.

आता जपणुकीचे. अंड्याचा पांढरा बलक तापला की थिजतो, पुन्हा पातळ होत नाही. प्रतिपिंडांचेही तसेच. म्हणून पातळ प्रतिविष २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. त्याचा बर्फही होऊ द्यायचा नाही. भुकटी अधिक टिकते, पण तीही थंड, अंधाऱ्या जागीच ठेवावी. तिच्यात निर्जंतुक पाणी घातल्यावर कुपी खळखळा हलवायची नाही, हलकेच फिरवायची.

“मग दोन कुप्या घरीच ठेवल्या तर?” नको, बाबांनो. विषबाधा दिसली की डॉक्टर हे औषध शिरेतून देतात. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण मूल लहान म्हणून साप विष कमी सोडीत नाही. शिवाय घोड्याचे प्रथिन काहींना सोसत नाही. अंगावर पित्त उठते, श्वास कोंडतो. त्या वेळी अ‍ॅड्रिनलिन हाताशी हवे.

आणि एक पक्के ध्यानात ठेवा. प्रतिविष मोकळे फिरणारे विष धरते. आधीच झालेली इजा भरून काढीत नाही. मांत्रिकाकडे गेलेला तास कुठल्याच कुपीत मिळत नाही. मण्यारीचा दंश तर कित्येकदा दुखतही नाही. जखम कापू नका, आवळून बांधू नका. डसलेला हात-पाय हलू न देता १०८ ला कळवा.

गुरुजी, हे मुलांना शिकवा. आणि गावकऱ्यांनो, मृगापूर्वी एकदा आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: प्रतिविष आहे ना? वीज गेली, तर ते थंड कसे राहते?