ताऱ्यांचे आयुष्य



ज्या कंदिलात रॉकेल अधिक, तो अधिक वेळ जळतो. ताऱ्यांचा हिशेब मात्र उलटा आहे. वस्तुमान जितके मोठे, तितका गाभा तप्त आणि हायड्रोजनचा खर्च भरमसाट. आपल्या सूर्याचे आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षे. पैकी ४६० कोटी सरली. त्याच्या दशांश वस्तुमानाचे तांबडे तारे लाखो कोटी वर्षे मिणमिणत राहतील. उलट मृग नक्षत्रातील काक्षी पाहा! सूर्याच्या पंधराएक पट वस्तुमान, वय कोटीभर वर्षे, तरी म्हातारपण आले. शेवट प्रचंड स्फोटात होणार.

पण हे आयुष्य वाया जात नाही. आपण श्वासावाटे घेतो तो प्राणवायू बव्हंशी अशाच अल्पायुषी ताऱ्यांच्या पोटात तयार झाला व स्फोटातून विखुरला. हिवाळ्यात मृग दिसेल, तेव्हा हे ऋण आठवा.