स्वमग्न विद्यार्थी आणि त्याचा हक्क
(उमरी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



हजेरीच्या वेळी जो ‘हजर’ म्हणत नाही, नजरेला नजर देत नाही, घंटा वाजताच कानांवर हात ठेवतो, अशा मुलाला आपण चटकन ‘मंद’ ठरवितो. तो कदाचित स्वमग्न असेल. १९४३ साली लिओ कॅनर यांनी वर्णिलेली ही अवस्था मुलाच्या हट्टाने उद्भवत नाही, की आईच्या हयगयीनेही नाही.

अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन यांना तीन वर्षांच्या होईपर्यंत बोलता येत नव्हते. त्यांच्या विलक्षण ओढीला अभ्यासाचे वळण दिले ते विल्यम कार्लॉक या विज्ञानशिक्षकांनी. लोंबती साखळी वा जमिनीवरील सावली पाहून गुरे का बिचकतात, हे त्यांनी गुरांच्याच नजरेने पाहिले. (माळेगावच्या यात्रेत बैल हाताळणाऱ्यांना याचे मोल सांगावयास नको!) १९८९ साली त्यांनी पशुविज्ञानात डॉक्टरेट मिळविली. आपणांस काय सोसत नाही, हेही त्या स्वतःच जगाला सांगू लागल्या.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगता असलेल्यांस ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, तसेच शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के राखीव जागा आहेत. परंतु प्रमाणपत्राविना ही दारे उघडत नाहीत. आणि तपासणीसाठी मुलाला पाठवा, असे पालकांना सांगणारा पहिला माणूस बहुधा आपणच असतो.

तोवर वर्गात त्याला कोठे बसावयाचे आहे, हे त्यालाच विचारावे. बोलता येत नसेल तर बोटाने दाखवू द्यावे.